मागील पानावरून पुढे

साप्ताहिकातून क्रमशः कादंबरी वाचणाऱ्या वाचकांना 'मागील पानावरून पुढे' हे शब्द चांगले ठाऊक आहेत. आम्हा हिशेब लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक आहेत. खतावणीचे पान भरले की खाली बेरीज मांडून 'पुढे नेले' असे लिहायचे, आणि नव्या पानाच्या डोक्यावर 'मागून आणले' असे लिहून तीच रक्कम पुन्हा मांडायची. पान उलटले म्हणून व्यवहार शून्यापासून सुरू होत नाही. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी हे शिकवतात, आणि गेली वीस-बावीस वर्षे कारकुनी करताना मी रोज तेच करत आले आहे. लिखाणालाही हाच नियम लागू पडतो, हे मात्र मला माझी अर्धी राहिलेली कादंबरी साडेतीन वर्षांनी पुन्हा हातात घेतली तेव्हा उमगले. त्याविषयी चार शब्द लिहिते आहे.

वस्तीतल्या कामामुळे माझे पुष्कळ घरांत जाणे-येणे असते. त्यामुळे मला माहीत आहे की आपल्या कितीतरी घरांत अशी अर्धी वही आहे. कुणी वडिलांच्या आठवणी लिहायला घेतल्या, कुणी स्वतःची जीवनकहाणी, कुणी गाणी. मध्येच आजारपण येते, लग्नकार्य येते, नोकरी सुटते, घर बदलते. वही पेटीत जाते. काही वर्षांनी ती दिसली तरी आपण तिच्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "राहूनच गेलं बघा ते." आणि पेटीचे झाकण लावतो.

माझी कादंबरी पानशेतच्या पुराची आहे. नव्या पिढीला त्या दिवसाची फारशी कल्पना नाही म्हणून थोडक्यात सांगते. १२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवर पानशेतचे धरण बांधले जात होते आणि त्याचे काम अजून पुरे झाले नव्हते. बांध वाचवण्यासाठी जवानांनी वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याला आले आणि इंग्रजी अमदानीतले ते जुने धरणही त्याच दिवशी फुटले. मुठेच्या काठच्या पेठांत पाणी घुसले, लकडी पूल पाण्याखाली गेला, हजारो संसार वाहून गेले. खडकवासल्याचा साठाच गेल्यामुळे पूर ओसरल्यावर शहरात पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. ही झाली सर्वांना माहीत असलेली हकीकत.

माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते त्या वेळी नऊ वर्षांचे होते. कुंभारवेशीच्या बाजूला, नदीच्या अंगाला, त्यांच्या आईवडिलांची भाड्याची एक खोली होती. ती एका दिवसात गेली. रात्री जेवणे झाली की आबा भिंतीला टेकून बसत आणि त्या दिवसाविषयी सांगत. एकदाच सगळे सांगत नसत. एखादे दिवशी फक्त शेजारच्या घरातल्या शेळीचीच गोष्ट होई. मी भांडी घासता घासता ऐके आणि नंतर फुलस्केप वहीत टिपून ठेवी. २०१७ साली त्या टिपणांतून कादंबरी सुरू झाली. तिच्यात चौदा वर्षांची एक मुलगी आहे आणि सगळा पूर तिच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. चौदा प्रकरणे लिहून झाली. पंधरावे अर्ध्यावर होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये आबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. त्यानंतरची अडीच वर्षे आमच्या घराचे वेळापत्रक त्यांच्या खाटेभोवती फिरत होते. सकाळी त्यांचे आवरून ऑफिसची बस गाठायची, दुपारी ह्यांनी दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी त्यांना जेवू घालायचे, संध्याकाळी मुलीने बारावीचा अभ्यास करत त्यांच्याजवळ बसायचे, रात्री कूस बदलायला पुन्हा मी. वस्तीतली अभ्यासिका आणि महिला मंडळ यांचे काम बंद ठेवता येत नव्हते. या सगळ्यात कादंबरीला जागा नव्हती आणि त्याचे मला त्या वेळी वाईटही वाटले नाही. समोर जिवंत माणूस होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आबा गेले. वही मी काढली ती जानेवारी २०२५ मध्ये.

शेवटचे लिहिलेले वाक्य असे होते : 'पाणी ओसरल्यावर ती आईचा हात धरून घराकडे निघाली आणि'. बस्स. 'आणि'च्या पुढे काही नाही. घराशी पोचल्यावर तिने काय पाहिले हे मला आबा सांगणार होते. आता ते सांगायला नव्हते. खरे सांगायचे तर त्या क्षणी वही मिटून ठेवावी असेच वाटले.

अशा वेळी मन स्वतःला खालच्या पायरीवर बसवते. 'आपण कारकून माणसे, लेखक होणे आपले काम नव्हे, म्हणून तर राहिले' असे आतून कोणीतरी बोलू लागते. म्हणून पुण्यातल्याच एका मोठ्या कादंबरीकाराची गोष्ट सांगते. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची गाजलेली कादंबरी त्यात क्रमशः येत होती. आठवडा आला की मजकूर द्यायचाच, ही त्यांची शिस्त. आनंदाश्रमाची व्यवस्था आणि पुढे नगरपालिकेचे कामही त्यांनी पाहिले. ज्यांच्या हाताशी स्वतःचे साप्ताहिक, शिक्षण, मान, सगळे होते, त्या हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. तेव्हा लिखाणात खंड पडणे हा कुणा एका समाजाच्या किंवा एका पगाराच्या माणसाच्या कपाळीचा शिक्का नाही. लिहिणाऱ्या कुणालाही ते चुकत नाही.

पण आपल्या लिखाणात खंड पडला तर होणारे नुकसान वेगळे असते. मोठ्या घरांची कागदपत्रे असतात, फोटो असतात, पत्रे असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा एक बोलणारे माणूस आणि एक ऐकणारे माणूस एवढेच असते. बोलणारे गेले आणि ऐकणाऱ्याने वही उघडली नाही, तर ती गोष्ट जगातून गेली असेच समजा. आबांच्या पुरातला जो भाग माझ्या वहीत आहे, तो दुसऱ्या कुठल्याही वहीत नाही. या एका विचाराने मी वही मिटली नाही.

वहीची पाने चाळताना मागच्या बाजूला मला आणखी काही सापडले. त्याआधी एक सांगायला हवे. आबांना निवृत्तिवेतन होते आणि दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागे. आजारपणातल्या पहिल्या नोव्हेंबरला बँकेतल्या माणसाने सहानुभूतीने सांगितले, "अंगठा चालेल." शाईचा पॅड पुढे केला तशी आबांनी मान हलवून नकार दिला. त्यांच्या वडिलांनी जन्मभर अंगठा उठवला होता. स्वतः आबा शिकले होते आणि पहिल्या पगारापासून सही करत आले होते. अंगठ्यावर परत जायचे नाही, एवढे त्यांनी बोलता येत नसूनही स्पष्ट सांगितले. त्यानंतर डाव्या हाताने सही शिकायला त्यांनी सुरुवात केली. त्यांनी कागदाची खूण केली तेव्हा मुलीने कपाटातून हाताला लागली ती वही दिली. ती नेमकी माझ्या कादंबरीची होती. मागच्या बाजूने सोळा पाने डाव्या हाताच्या सह्यांनी भरली आहेत. पहिल्या पानावर नुसत्या रेघा आहेत. आठव्या पानावर अक्षरे ओळखू येतात. सोळाव्या पानावर सही आहे.

ती पाने पाहताना मला गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा आठवला. जोतीरावांना १८८८ साली पक्षाघात झाला आणि उजवे अंग निकामी झाले. तरीही 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहून काढले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, आणि पुस्तक १८९१ साली त्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांनी प्रसिद्ध केले. शाळेच्या पुस्तकात आपण हे एका ओळीत वाचतो. उजव्या हाताने आयुष्यभर लिहिलेल्या माणसाला डाव्या हाताने एक ओळ काढायला किती वेळ लागतो, ते मी आबांच्या खाटेशी बसून पाहिले आहे. एका सहीला दहा-दहा मिनिटे लागत. जोतीरावांनी तसे अख्खे पुस्तक लिहिले. हे लक्षात आले आणि माझ्या दोन धडधाकट हातांकडे पाहून मी पेन घेतले.

आता प्रत्यक्ष काम कसे केले ते सांगते, कारण नुसत्या जिद्दीने वही पुढे सरकत नाही.

पहिले काम म्हणजे वाचन. हातात पेन न घेता चौदा प्रकरणे सलग वाचली. तीन रविवार लागले. अशा वेळी पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सुधारून लिहिण्याचा फार मोह होतो. मी ठरवले की शेवट लिहून होईपर्यंत पहिल्या पानाला हात लावायचा नाही. वाचताना जे खटकेल ते एका वेगळ्या कागदावर 'नंतर पाहणे' म्हणून मांडत गेले. मागचे पानच पुन्हा पुन्हा खरवडत बसले तर ताळेबंद कधीच लागत नाही, हे आम्हा कारकुनांना सांगावे लागत नाही.

दुसरे काम म्हणजे शिल्लक मांडणे. एका पानावर दोन रकाने पाडले. एका बाजूला लिहिले की हातात काय आहे : कोण कोण माणसे आली, त्यांची वये, कोण कुठल्या गल्लीत राहते, कोण हरवले आणि अजून सापडलेले नाही. दुसऱ्या बाजूला लिहिले की देणे काय आहे : वाचकाला कुठली गोष्ट सांगायची बाकी आहे. अकरा गोष्टी निघाल्या. साडेतीन वर्षांनी कादंबरीकडे पाहताना जो डोंगर वाटत होता, तो अकरा ओळींचा झाला.

तिसरे काम म्हणजे वेळ. आमच्या येरवड्याच्या घरात सलग तीन तास लिहायला बसणे या जन्मी शक्य नाही. नळाला पाणी यायच्या आधीचा पहाटेचा पाऊण तास मात्र माझा असतो. ह्यांना आणि मुलीला मी सांगून टाकले की एवढ्या वेळात चहा मागू नका. दोघांनी ऐकले. ह्यांनी तर रात्रीच चहाचे सामान काढून ठेवायला सुरुवात केली. वहीच्या समासात रोज तारीख टाकते. काही दिवशी तारखेखाली चारच ओळी असतात. चालते.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट मी मंडळात बायकांना नेहमी सांगते. बेबीताई आपल्याच पुरंदर तालुक्यातल्या वीरगावच्या. शिक्षण चौथीपर्यंत. फलटणला त्यांचे छोटेसे दुकान होते. दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल त्या वेळात त्या लिहीत, आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून लपवून ठेवीत. असे वीस वर्षे चालले. फलटणला काम करणाऱ्या विदुषी मॅक्सीन बर्नसन यांच्यापर्यंत ते लिखाण पोचले आणि त्यांनी ते छापण्याचा आग्रह धरला. १९८२ साली पुण्याच्या 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आले, १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले, आणि आज ते इंग्रजीतून जगभर वाचले जाते. त्या वीस वर्षांत त्यांनी कितीदा लिखाण ठेवले असेल आणि कितीदा पुन्हा काढले असेल, याचा विचार करा. एक गिऱ्हाईक आले की एक खंड. आपल्या बायकांचे लिखाण असेच तुकड्या-तुकड्यांनी होते. गोधडी तशीच होते आणि ती पांघरायला पुरते.

आता त्या 'आणि'विषयी. आबांच्या थोरल्या बहीण, आमच्या आत्याबाई, हडपसरला त्यांच्या मुलाकडे असतात. पुराच्या वेळी त्या चौदा वर्षांच्या होत्या. माझ्या कादंबरीतली मुलगी तेवढीच आहे, पण पुराविषयी आत्याबाई कधी बोलत नसत. विषय निघाला की उठून जात. आबा गेल्यावर वर्षाने मी त्यांच्याकडे गेले आणि ती सह्यांची पाने दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग मी विचारले, "आत्याबाई, पाणी ओसरल्यावर तुम्ही घरी गेलात तेव्हा काय दिसलं?"

"काय दिसणार? हलकं ते सगळं गेलं होतं," त्या म्हणाल्या. "पत्रा गेला, भांडी गेली, माझं दप्तर गेलं. जातं तेवढं जाग्यावर होतं. चिखलात गाडलं होतं, पण होतं. आईनं पहिलं ते धुतलं."

"मग त्यावर दळलं काय?"

"दळायला काय होतं गं घरात? ज्वारी भिजून फुगली होती, वास सुटला होता. नुसतं धुऊन ठेवलं. म्हणाली, घर आहे आपलं."

मी घरी येऊन 'आणि'च्या पुढचे लिहिले. २०२१ साली आबा बोलत होते तेव्हा हे वाक्य पूर्ण झाले असते तर ते नऊ वर्षांच्या मुलाने पाहिलेले झाले असते. आता ते चौदा वर्षांच्या मुलीचे झाले.

खंडाच्या काळात जमेच्या बाजूलाही काही पडलेले असते, हे असे कळते. आणखी एक उदाहरण देते. नवव्या प्रकरणात मुलीचे आजोबा आहेत, म्हातारपणामुळे बोलणे गेलेले. २०१९ साली मी त्यांना तीन ओळी दिल्या होत्या, कोपऱ्यात बसलेले म्हातारे म्हणून. त्यानंतर न बोलणाऱ्या माणसाबरोबर मी अडीच वर्षे काढली. तहान लागली की असे माणूस आधी माठाकडे पाहते आणि मग तुमच्याकडे, राग आला की ताटातला घास तसाच ठेवते, आणि नातीने बारावीचा निकाल सांगितला की डाव्या हाताने तिचे मनगट घट्ट धरते. हे सगळे आता त्या आजोबांना द्यायचे आहे. 'नंतर पाहणे'च्या कागदावर त्यांचे नाव पहिले आहे.

आमच्या कामातला एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, "ताई, वस्तीत नळाचे, रेशनचे, दाखल्यांचे एवढे प्रश्न पडले आहेत. कादंबरीने त्यातला कुठला सुटणार?" त्याचा प्रश्न चुकीचा नाही. दाखल्यांची कामे मी आजही करते आणि कादंबरीसाठी त्यातला एकही तास काढून घेतलेला नाही. पण मी त्याला विचारले की पुराचे अहवाल झाले, नुकसानीचे आकडे झाले, त्यात आत्याबाईंच्या आईने धुतलेले जाते कुठल्या रकान्यात आहे? तो हसला. परवा त्यानेच त्याच्या आजीची पानशेतची आठवण मोबाईलवर बोलती टिपून आणून दिली.

आणि समजा, एवढे करूनही पुरे झाले नाही तर? तीही भीती मनात असते. बाबासाहेबांच्या मागे कितीतरी हस्तलिखिते अपुरी राहिली. कुठे प्रकरणाची काही पानेच मिळाली, कुठे मथळ्याखाली मजकूरच नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडाखंडांनी प्रसिद्ध केली, वसंत मून यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे कष्ट घेतले, आणि ती अपुरी पानेही त्यांत छापली गेली. आज अभ्यासक त्यांवरून शिकतात. आपली वही त्या तोलाची नाही हे उघड आहे. पण जपलेले अपुरे पान पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते, एवढे त्यावरून नक्की घेता येईल.

सध्या माझे अठरावे प्रकरण चालू आहे. अकरापैकी सात गोष्टी सांगून झाल्या आहेत. वहीत समोरून माझी अक्षरे येत आहेत आणि मागून आबांच्या सह्या. मध्ये चाळीस-एक कोरी पाने आहेत. तेवढ्यात संपेल असे वाटते. नाही संपली तर दुसरी वही आणीन, त्यांच्या पानांवर मात्र लिहिणार नाही.

वाचकहो, तुमच्या घरी अर्धी राहिलेली वही असेल तर येत्या रविवारी बाहेर काढा. पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करू नका. आधी सगळी वाचा, काय राहिले ते एका कागदावर मांडा, आणि जिथे थांबला होतात त्याच ओळीच्या पुढे लिहा. आणि ज्यांच्या घरी सांगणारे माणूस अजून बोलते आहे, त्यांनी चांगल्या वहीची वाट पाहू नये. पाठकोरा कागद घ्यावा, वर तारीख टाकावी आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसावे.